उजव्या कुशीवर

"उठू नकोस, उठू नकोस, मी काय परकी आहे?" असं म्हणत मेश्राम मॅडम आत आल्या, खुर्ची ओढून माझ्या पलंगाला लावून बसल्या आणि चहाची वाट पाहू लागल्या.

सकाळचे नऊ वाजले होते. त्या दिवशी आषाढ पौर्णिमा होती आणि माझ्या ऑपरेशनचा बारावा दिवस. पिशवी काढली होती माझी. या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली, पोटावरचा व्रण पांढरा पडला, पण ती खुर्ची सरकवल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईला घरी सोडताना काय सांगायचं, ते मला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. सहा आठवडे जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, भरपूर आराम करायचा. हजार बायकांना तरी मी हे सांगितलं असेल. त्या मान डोलवायच्या आणि आठव्या दिवशी पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन माझ्याच दवाखान्यासमोरून जायच्या. मी त्यांना खूप बोलायचे. मग माझी पाळी आली. माणसं भेटायला येऊ लागली, प्रत्येकजण "उठू नकोस" म्हणायचा आणि कपाची वाट पाहायचा. दहाव्या दिवशी मी तेवीस कप चहा केला आणि नळ आला म्हणून भरलेला गुंड उचलला. अकराव्या दिवशी खालचे दोन टाके उघडे पडलेले आणि चादरीवर जखमेचं पाणी. डॉक्टर मॅडमनी ड्रेसिंग करता करता एवढंच सांगितलं, "सिस्टर, अजून एकदा उघडलं तर मी तुम्हाला पुन्हा टेबलावर घेणार. मग आत जाळी बसवावी लागेल. तुम्हाला वेगळं सांगायला नको."

मी घाबरले. खरंच घाबरले. रात्रभर विचार केला आणि ठरवलं, आता उठायचं नाही. कोणीही आलं तरी नाही.

आणि पहिल्याच सकाळी आल्या त्या मेश्राम मॅडम.

मॅडम म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका आणि आमच्या वसाहतीच्या विहारातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. आमची वसाहत चंद्रपूरकडची, कोळसा खाणीच्या कामगारांची. दोन खोल्यांची क्वार्टरं, मध्ये सिमेंटचा रस्ता आणि टोकाला विहार. पंखा पुढच्या खोलीत होता म्हणून माझा पलंगही तिथंच होता. दार उघडलं की पलंग थेट रस्त्यावरून दिसायचा. माझ्या सासूबाईंना हे मुळीच खपत नसे. मी आडवी झाले की त्या आधी उठून दार लावायच्या. "कोणी पाह्यलं त काय म्हणन?" उन्हाळा असो, उकाडा असो, दार बंद. लोकलाजेपायी ही बाई मला उकडून मारणार, असं मी मनात म्हणायचे.

"काय मग," मॅडम हसत म्हणाल्या, "महाराणी अजून पलंगावरच?"

सासूबाई मॅडमसाठी पाणी घेऊन येत होत्या. त्यांनी पेला असा दणकन टेकवला की अर्धं पाणी स्टुलावर सांडलं. काही न बोलता त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून भांडी आदळल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, यांचाही राग माझ्यावरच.

"आज भंते येतायत," मॅडमनी पर्समधून कागद काढला. "वर्षावासाची सुरुवात. अकराला भोजनदान तुमच्याकडे, ते तुझ्या सासूबाई बघतील. संध्याकाळी पाचला विहारात कार्यक्रम. दोनशे माणसांची खीर. साहित्य येऊन पडलंय. तू चारला ये."

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने. भिक्षू भटकणं थांबवून एका जागी राहतात आणि विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. आमच्या वसाहतीत याचा अर्थ असा होता, की भंते विश्रांती घ्यायचे आणि बायका तीन महिने राबायच्या. झाडणं, सतरंज्या, फुलं, भोजनदान, चहा आणि खीर. त्यात माझं नाव सुजाता. तपाने वाळून गेलेल्या सिद्धार्थाला जिने खीर दिली तिचं नाव आईबापांनी हौसेनं ठेवलं, आणि मला काही जन्मात खिरीच्या गंजा-पातेल्यांपासून सुटका नव्हती.

"मॅडम, मला नाही जमायचं. टाके उघडलेत."

"अगं, तू काही करू नकोस. नुसती बाजूला उभी राहा. हलवायला बायका आहेत."

"उभं राहायचं नाहीये मला."

"मग बस. खुर्ची ठेवते."

"मॅडम, मी येणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हटलं. मॅडमनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

"बरं," त्या म्हणाल्या. "चारला रिक्षा पाठवते. हळू चालवायला सांगते त्याला."

माझं नाही त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. दोष त्यांचा एकटीचा नव्हता म्हणा. वसाहतीत माझी ख्याती वाघीण अशी होती. पाण्याच्या मोर्चात पुढं मी, कोणाचं बाळंतपण अडलं की मी, जयंतीला दीडशे पोळ्या लाटून वर सूत्रसंचालनाला उभी तीही मीच. "आमची सुजाता म्हणजे वाघीण!" असं मॅडम माइकवरून सांगायच्या आणि टाळ्या पडायच्या. आमच्या जिल्ह्यात खऱ्या वाघिणी आहेत. जंगल खात्यातल्या एका पेशंटनं मला सांगितलं होतं, की वाघीण दिवसातले पंधरा-सोळा तास झोपून काढते. माइकवरून ही माहिती कधी कोणी दिली नाही.

मॅडम गेल्या तसे आमचे अहो बाहेर आले. देवानंद रामटेके, खाणीत फोरमन आणि युनियनचे चिटणीस. चांगला माणूस. हातात कागद होते.

"सुजाता, पडल्या पडल्या जरा ऐकतेस? संध्याकाळचं भाषण आहे. 'धम्म आणि स्त्रीचं स्वातंत्र्य'."

"वाचा."

"'स्त्री ही कोणाची दासी नाही. तिच्या श्रमाला मोल आहे, तिच्या शब्दाला मान आहे...'" ते थांबले. "इथं टाळ्या येतील, नाही का? बरं, माझा पांढरा सदरा कुठाय? आणि त्याचं वरचं बटन तुटलंय, तेवढं लावून देतेस का? बसूनच लावायचंय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. नवरा हुशार होता, फक्त त्याला वेळ लागायचा.

"राहू दे," ते म्हणाले. "निळा घालतो."

अकराला भंते आले. साठी उलटलेले, हाडकुळे, भिक्षू होण्याआधी रेल्वेत गँगमन होते. हाताच्या तळव्यांवर जुने घट्टे तसेच होते. बारानंतर भिक्षू जेवत नाहीत, म्हणून सासूबाईंनी सगळं वेळेत तयार ठेवलं होतं. भंतेंनी पुढच्या खोलीतच आसन घेतलं. माझ्या पलंगासमोर. सोबत मॅडम होत्याच, आणि मंडळाच्या तीन-चार बायका. मी पडल्या पडल्याच हात जोडले. मॅडमना ते आवडलं नाही.

जेवण झालं, हात धुऊन झाले आणि मॅडमनी तोंड उघडलं. "भंते, आता तुम्हीच हिला सांगा. बारा दिवस झाले, उठायचं नाव नाही. मन खंबीर केलं की शरीर आपोआप साथ देतं, असंच ना?"

सासूबाईही दाराशी उभ्या होत्या. "आमी त पाचव्या दिवशी खळ्यावर होतो," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. माझ्या दोन्ही बाळंतपणांत, तापात, पाय मुरगळला तेव्हा. पाचव्या दिवशी खळ्यावर.

भंतेंनी मला विचारलं, "काय झालंय, माय?"

मी सगळं सांगितलं. उघडलेले टाके, जाळी, तेवीस कप. मग एकदम मनात आलं ते मी विचारून टाकलं.

"भंते, वर्षावास कशासाठी सुरू झाला?"

"पावसाळ्यात भिक्षू गावोगाव फिरत होते," भंते सावकाश म्हणाले. "पायाखाली कोवळं पीक तुडवल्या जायचं, किडे-मुंग्या मरायच्या. लोकांनी तक्रार केली. तथागत म्हणाले, बरोबर आहे. तीन महिने एका जागी राहा. फिरू नका."

"मग माझंही कोवळं आहे, भंते. आतलं. फिरले की तुडवलं जातं."

भंते माझ्याकडे बघत राहिले.

"मीपण वर्षावासाला बसते. तीन महिने नाही, सहाच आठवडे. याच पलंगावर. तुमच्यासमोर अधिष्ठान करते."

अधिष्ठान म्हणजे पक्का निर्धार, तोही भिक्षूसमोर बोलून केलेला. मी थट्टा करत नव्हते, पण पूर्ण गंभीरही नव्हते. वैतागलेलं माणूस बोलतं तसं बोलले.

"अधिष्ठान मोडायचं नसतं," भंते म्हणाले.

"म्हणून तर करते."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत हसू आलं. त्यांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "साधू! साधू! साधू!"

आता, आमच्यात भंतेंनी साधू म्हटलं की समोरच्यांनीही तीनदा साधू म्हणायचं असतं. लहानपणापासूनची सवय. अर्थ लक्षात यायच्या आत तोंड चालू होतं. खोलीतल्या सगळ्यांनी हात जोडले. मेश्राम मॅडमनीही डोळे मिटून, मान लववून, वर्गात प्रार्थना म्हणावी तशा खणखणीत आवाजात म्हटलं, "साधू! साधू! साधू!"

तिसऱ्या साधूला त्यांनी डोळे उघडले. आपण कशाला मान्यता दिली ते त्यांना तेव्हा कळलं. पण साधू परत घेता येत नाही.

मला इतकं हसू आलं की मी पोट दाबून धरलं.

माझी लढाई संपली, असं मला वाटलं. ती तर दुपारी दोनला सुरू झाली. वसाहतीत बातमी पसरली होती, की सुजाताबाई वर्षावासाला बसल्या. बाई ऑपरेशननंतर पडून आहे म्हटल्यावर ज्या चहाची वाट बघत बसत, त्याच बायका आता पांढरी पातळं नेसून, हातात झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. आधी पाच. मग नऊ. मग मी मोजायचं सोडलं. कोणी माझ्या पायाशी फूल ठेवलं, मी पाय ओढून घेतला. देवधर्म सोडलेली आमची माणसं, पण कोणापुढं तरी फूल ठेवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

"दार लावा, दार लावा," सासूबाई प्रत्येकीमागं दार लावत होत्या. "बाहेरून दिसून राह्यलं सगळं."

आणि मग मॅडम आल्या. विहारात जाऊन, विचार करून, सावरून आल्या होत्या. हातात मंडळाची वही होती.

"सुजाता, कल्पना उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण शिस्त हवी. याला आपण साधना शिबिर म्हणू. दोन ते चार. मी प्रास्ताविक करते, तू दोन शब्द बोल, आभार कोणीतरी मानेल. चारला सगळ्या मिळून खिरीला."

मी विश्रांती घेते म्हटलं आणि त्याचासुद्धा कार्यक्रम झाला. त्यात बोलायचं मीच. सगळ्या बायका सतरंजीवर मांडी घालून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आता ही काय सांगते म्हणून.

त्यांच्याकडे पाहिलं आणि माझा राग ओसरला. समोर बसलेली प्रत्येक बाई मला ठाऊक होती, फक्त नावानं नाही, तर केसपेपरानं. हिचं रक्त सात टक्के. हिची कंबर गेली आहे. ही रोज चारला उठते, रात्री अकराला पाठ टेकते आणि मला विचारते, सिस्टर, थकवा कशानं येतो?

"माझ्या वर्षावासाची एकच साधना आहे," मी म्हणाले. "आडवं व्हायचं."

"म्हंजे?"

"म्हणजे झोपायचं. महापरिनिर्वाणाची मूर्ती पाहिलीय ना? तथागत कसे पहुडलेत? तसं. उजव्या कुशीवर, हाताची उशी. बोलायचं नाही."

कोणी तरी फिसकन हसलं. मॅडम म्हणाल्या, "सुजाता, हा काय प्रकार—"

"मॅडम, तुम्हीच साधू म्हणालात."

एक आडवी झाली. मग तिच्या शेजारची, तोंडाला पदर लावून, खुदुखुदु हसत. मग सगळ्या. पुढच्या खोलीत जागा पुरेना, तेव्हा चौघी स्वयंपाकघरात गेल्या, दोघी मधल्या दारात. पाच मिनिटं कुजबुज चालली. कोणाची तरी बांगडी वाजत होती. "कुकर लावून आली वो मी," असं एक बाई म्हणाली, आणि दुसरी म्हणाली, "होऊ दे त्याचं काय व्हायचं ते." मग आवाज थांबले. पंख्याची घरघर तेवढी राहिली, आणि थोड्या वेळानं तिच्यात एक दुसरी घरघर मिसळली.

मॅडम खुर्चीत ताठ बसून होत्या, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. तीनच्या सुमारास त्यांची मान कलली. सव्वातीनला त्यांनी डोळे उघडून इकडं तिकडं पाहिलं, कोणी पाहत नाही असं वाटून हळूच खाली उतरल्या, पर्स उशाला घेतली आणि उजव्या कुशीवर झाल्या. बत्तीस वर्षं शाळा सांभाळलेली ती बाई तोंड उघडं टाकून लहान पोरीसारखी झोपली. मला त्यांची फार माया आली. सकाळचा राग मी त्या क्षणी सोडून दिला.

पुढं मंडळाच्या वार्षिक अहवालात मॅडमनी त्या दुपारची नोंद अशी केली: 'मौन साधना शिबिर, उपस्थिती एकोणीस, वातावरण अत्यंत शांत.' यात एक अक्षर खोटं नव्हतं.

चार वाजले. रिक्षा येऊन दोनदा हॉर्न वाजवून गेली. कोणी हललं नाही. पाच वाजले. सव्वापाचला दार हळूच ढकललं गेलं आणि निळा सदरा घातलेले आमचे अहो आत डोकावले. हातात भाषणाचे कागद. त्यांनी सतरंजीवर ओळीनं पडलेल्या बायका पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. विषबाधा झाली असं वाटलं असावं बिचाऱ्याला.

मी ओठांवर बोट ठेवलं.

ते चपला हातात घेऊन, बायकांच्या मधून वाट काढत पलंगापाशी आले. "विहारात एक बाई नाही," ते कुजबुजले. "पुरुषच बसलेत. मी कोणासमोर बोलू?"

"पुरुषांसमोर बोला. त्यांनीच ऐकायला हवंय ते."

त्यांनी कागदांची सुरळी केली. "आणि खीर?"

"तुम्ही करा."

"मला कुठं येते!"

"दूध तापवा, तांदूळ शिजवा, साखर शेवटी. हलवत राहा. हात थांबवला की खाली लागते. एवढंच शास्त्र आहे."

"भंते म्हणाले, बायकांना उठवू नका," त्यांनी हळूच सांगितलं. "म्हणाले, पीक तुडवलं जाईल. मला काही कळलं नाही."

"मला कळलं. जा आता."

नंतर ऐकलं ते असं: सहा युनियनवाल्यांनी मिळून खीर केली. हलवायची पाळी कोणाची यावर बैठक झाली, तोवर खीर खाली लागली. भंते तर बारानंतर खात नाहीत, त्यामुळं ज्यांनी केली त्यांनाच ती खावी लागली. भाषणही झालं म्हणे. टाळ्या पडल्या नाहीत. यांना त्याचं वाईट वाटलं, आणि त्या दिवसापासून स्वतःची बटनं ते स्वतः लावू लागले.

ते गेले तेव्हा दार अर्धवट उघडं राहिलं. बाहेर पाऊस नव्हता, ढगांमधून पिवळा उजेड पडला होता. सासूबाई दुपारपासून दाराशीच पाटावर बसल्या होत्या. सगळ्या झोपल्या, त्या नाही. मी दोनदा खुणेनं बोलावलं, दोनदा त्यांनी मान हलवली. "मी राखण करतो," म्हणाल्या. कोणाची राखण, कोणापासून, हे मी विचारलं नाही.

आता त्या दार लावायला उठल्या. कडीला हात घातला आणि तशाच थांबल्या. खोलीभर पडलेल्या बायकांकडे बघत राहिल्या.

"सुजाता," त्या हळूच म्हणाल्या, "या बाया कशा झोपल्या पाह. भर उजेडात. कोनाचं भेव नाही."

"कोणाला भ्यायचं, आई?"

त्या येऊन माझ्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "देवानंदच्या आधी मले पोरगी झालती. तिच्या पाचव्या दिवशी मी खळ्यावर गेलती."

"माहीत आहे, आई. तुम्ही सांगितलंय."

"अर्धंच सांगतलं."

मी उशीवरून मान त्यांच्याकडे वळवली.

"एकोनीस वर्साची होती मी. गव्हाची मळनी. दुपारी चक्कर आली, त बैलबंडीखाली सावलीत पडली. जरासाक डोळा लागला. जाग आली त समोर सगळे उभे. मालगुजारानं गोळा केलते. गडी, बाया, पोरंसोरं. म्हने, आवाज करू नका रे, महाराणी झोपली हाये." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सगळे हासले. मालक हासला म्हंजे हासाच लागे ना बाप्पा. तुया सासराबी हासला."

"मारलं का तुम्हाला?"

"नाही. मारलं असतं त बरं झालं असतं. मंग ते नावच पडलं मले. विहिरीच्या वाटेनं गेली त महाराणी, वावरात निंदाले गेली त महाराणी. काऊन महाराणी, झोप झाली का? आठ वर्सं. गाव सोडून खाणीवर आलो तवा सुटलं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तवापासून उजेडात कधी पाठ नाही टेकली मी. आन् तू पडली की मले वाटे, कोनी पाहीन. तुलेबी कोनी नाव ठेवन."

मग मला तो सकाळचा पेला आठवला. सांडलेलं पाणी, आतली आदळआपट. तो राग माझ्यावर नव्हता. आणि ते रोजचं दार, उन्हाळ्यात उकडून काढणारं. अकरा वर्षं मी त्या बाईवर मनात चिडत होते, आणि ती माझ्यावर पहारा देत होती. मला हुंदका आला. टाके ओढले गेले.

"रडू नको," सासूबाई म्हणाल्या. "टाके तुटतीन."

मी भिंतीकडे सरकले. पलंग अरुंद होता, पण त्या काटकुळ्या होत्या. "या, आई," मी म्हटलं. "जागा आहे."

त्या उठल्या, बायकांच्या पायांमधून वाट काढत दाराकडे गेल्या. मला वाटलं, आता कडी लावणार. त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या धरल्या आणि पूर्ण उघडल्या. भिंतीला टेकेपर्यंत. एकीला वीट लावून ठेवली. रस्त्यावरून विहाराकडं जाणारी दोन माणसं थांबून आत बघू लागली. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून परत आल्या.

मग त्या माझ्याशेजारी, पदर नीट करून, सांगितल्याप्रमाणे उजव्या कुशीवर झाल्या. वय सत्तरच्या पुढं, आणि अंग असं अवघडलेलं, की झोपायचं कसं हेच त्यांना आठवत नसावं. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले.

"कोनी आलं त सांगजो," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "महाराणी झोपली हाये."